पडणारे पाखरू

दिवाळी अंकासाठी एखाद्या नव्या कादंबरीवर टीकालेख द्या, असे संपादकांचे पत्र श्रावणातच आले होते. मी होकार कळवला, वाचनालयातून कादंबरी आणली, चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक काढले आणि वाचायला बसलो. गणपती आले आणि गेले, पितृपक्ष सरला, पेन्सिलीचे टोक अजून तसेच शाबूत आहे आणि कादंबरीतली खूण अकराव्या पानावर आहे. यात त्या कादंबरीचा काही दोष नाही. पुस्तकाशेजारी माझा फोन ठेवलेला असे आणि त्या फोनात एक पाखरू होते, एवढेच.

लेखाचा विषय मला शेवटी घरातच सापडला. एके रात्री वह्या तपासायच्या म्हणून मी दिवा लावून बसलो होतो. साडेबारा वाजून गेले असतील. पत्नी पाणी प्यायला उठली, माझ्या खांद्यावरून फोनात डोकावली आणि म्हणाली, “अहो, तुमची कादंबरी वाचताना कुणी एवढं जागलंय का कधी?” तिने हे टोचून म्हटले नव्हते. ती अर्धवट झोपेत होती, आणि झोपेतले माणूस खरे बोलते. मी तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. तिन्हींना मिळून जेवढे वाचक लाभले, तेवढी माणसे या क्षणी आमच्या नारपोलीत फोनावर बोट आपटत बसलेली असतील. तेव्हा मनाशी ठरवले, की गेल्या दोन महिन्यांत ज्या कृतीने मला खरोखर जागे ठेवले, जिच्यापायी माझे जेवण थंड झाले आणि मुलांच्या वह्या तशाच परत गेल्या, तिच्यावरच लिहावे. लोक रात्री कशापायी जागतात, हे पाहणे टीकाकाराचे काम नव्हे काय?

प्रथम कृतीची ओळख करून देतो. नाव ‘फ्लॅपी बर्ड’, म्हणजे पंख फडफडवणारे पाखरू. कर्ता डोंग न्गुयेन, व्हिएतनाममधल्या हनोई शहराकडचा तरुण. जन्म १९८५ चा. दिवसा तो टॅक्सी कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्रांचे काम करी आणि फावल्या वेळी फोनावरचे खेळ रची. एप्रिल २०१३ च्या अखेरीस सुट्ट्या जोडून आल्या, तेव्हा अवघ्या दोन-तीन दिवसांत त्याने हा खेळ उभा केला. २४ मे २०१३ रोजी तो लोकांपुढे आला आणि पुढचे कित्येक महिने कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग जानेवारी २०१४ मध्ये, एखादी साथ यावी तसा तो जगभर पसरला. फुकट मिळणाऱ्या खेळांत तो अनेक देशांत पहिला आला. पाच कोटी वेळा तो उतरवून घेतला गेल्याचे त्या काळी छापून आले होते.

आता त्याचे कथानक. एक गुबगुबीत पिवळे पाखरू आहे. चोच मोठी, पंख चिमुकले. ते आपले आपण पुढे चालले आहे. त्याला थांबवता येत नाही. वाटेत हिरवे पाइप येतात, ‘सुपर मारिओ’ या जुन्या जपानी खेळातल्या पाइपांची आठवण करून देणारे. एक वरून लोंबतो, एक खालून उगवतो. मध्ये फट असते. पडद्यावर बोट टेकवले की पाखरू एक उसळी घेते. नाही टेकवले तर दगडासारखे खाली येऊ लागते. फट ओलांडली की एक गुण. पाइपाला किंवा जमिनीला जरासा स्पर्श झाला की खेळ खलास. दहा गुणांना काशाचे पदक, विसाला चांदीचे, तिसाला सोन्याचे आणि चाळिसाला प्लॅटिनमचे. नायिका नाही, खलनायक नाही, दुसरा अंक नाही. जे पहिल्या पाइपाशी घडते तेच शंभराव्या पाइपाशी घडते.

हे पाखरू मी प्रथम फेब्रुवारी २०१४ मध्ये माझ्या भाच्याच्या फोनात पाहिले. तो म्हणाला, “मामा, सोपं आहे, नुसतं बोट लावायचं.” मी बोट लावले. शून्य. पुन्हा लावले. शून्य. मग एक, मग पुन्हा शून्य. भाचा हसला, आणि मी चाळिशीकडे झुकलेला, चार माणसांत मान असलेला मास्तर, त्याच्या हातून फोन घेऊन गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अर्ध्या तासाने त्याने फोन परत मागितला तेव्हा माझे सात झाले होते, आणि फोन देताना मला राग आला होता. मूळ खेळ त्याच महिन्यात नाहीसा झाला. त्याची हकीगत पुढे येईल. आज मिळतात त्या त्याच्या नकला. माझ्या फोनातली अशीच एक नक्कल होती. मूळ कृतीचा गुण तिच्यात पुष्कळसा उतरला होता, एवढे दोन्ही खेळलेला माणूस म्हणून सांगतो.

या एवढ्याशा रचनेत माणसाला धरून ठेवणारे असे आहे तरी काय? मी कादंबरीकार असल्याने माझे पहिले लक्ष तंत्राकडे गेले. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहिले, तेव्हापासून मराठी लेखकाला तंत्र हा शब्द ठाऊक आहे. गाठ मारावी, उत्कंठा वाढवावी, आणि शेवटी गाठ सोडवावी. या पाखराच्या गोष्टीत गाठ एकच, फटीतून जाईल की नाही. आणि ती दर दीड-दोन सेकंदांनी सुटते व पुन्हा बसते. वाचकाला क्रमशः कादंबरीच्या पुढच्या अंकासाठी महिनाभर थांबावे लागते, ते येथे निमिषभरही नाही. पाखरू पडले की बोट लावा, ते पुन्हा उडायला सिद्ध. हळहळायलासुद्धा वेळ मिळत नाही. हळहळ संपायच्या आतच पुढचा डाव सुरू झालेला असतो.

दुसरी गोष्ट मर्ढेकरांची आठवण करून देते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात त्यांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मांडली. आता पाहा: सारख्या अंतरावर येणारे सारखे पाइप हा संवाद, पडणे आणि उसळणे हा विरोध, आणि समतोल? तो खेळात नाहीच. तो खेळणाऱ्याने आपल्या बोटाने क्षणोक्षणी निर्माण करायचा असतो आणि क्षणोक्षणी गमवायचा असतो. पाच-सहा पाइप सलग ओलांडले की कानात एक ताल धरला जातो. त्या क्षणी फोन, बोट आणि पाखरू वेगळी राहत नाहीत. ही अनुभूती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तबल्यावर पहिल्यांदा ठेका बसतो तेव्हा जे वाटते, त्याच जातीची ती आहे.

परंतु तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे या खेळाचा न्याय. आपल्याकडे मोक्षपट होता. परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. आजची सापशिडी त्याचेच धाकटे भावंड. तेथे कवड्या पडतील ते दान निमूट घ्यायचे. साप गिळतो तो दैवाने आणि शिडी मिळते तीही दैवाने. हरणाऱ्याला केवढे सांत्वन! या पाखराच्या खेळात ते सांत्वन नाही. पाखराचा वेग कधी वाढत नाही, फट कधी अरुंद होत नाही, उसळी कधी कमी-अधिक होत नाही. फक्त फटीची उंची बदलते आणि तीही आधी दिसते. सगळे समोर उघडे असते. तरीही पाखरू पडते, तेव्हा बोट दाखवायला आपल्याच बोटाखेरीज दुसरे काही उरत नाही. चूक माझी, आणि ती एवढीशी, सुतभर! एवढी लहान चूक कोण सुधारणार नाही? या ‘एवढीशी’ शब्दात सारी मोहिनी आहे. डोंगराएवढी अडचण दिसली की माणूस घरी परततो. सुतभर अडचणीपाशी तो रात्र काढतो.

अटारी ही कंपनी काढणारे नोलन बुशनेल यांचे सूत्र खेळांच्या धंद्यात प्रसिद्ध आहे: खेळ शिकायला सोपा आणि पारंगत व्हायला कठीण असावा. आपल्या विटीदांडूने आणि भोवऱ्याने हे त्यांच्याआधी सिद्ध करून ठेवले होते, हा भाग वेगळा.

येथे एक भेद करणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. कारण ‘मोबाइलचे खेळ वाईट’ असे एकच विधान करून आपण सर्वांना एका दोरीने बांधतो. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरे यांवर प्रयोग केले होते. दर वेळी दाणा दिला, तर दाणा बंद झाल्यावर प्राणी लवकर नाद सोडतो. पण कधी दिला, कधी नाही, असा बेभरवशाचा क्रम ठेवला, तर तो दाबायची कळ दाबतच राहतो. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. पैसे लावून खेळायचे फोनातले खेळ त्याच कुळातले. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली, ती योग्यच झाली असे मला वाटते. त्यांच्या खालोखाल येतो तो ‘कँडी क्रश’सारखा खेळ. २०१२ साली निघालेल्या त्या खेळात तुम्हाला पाच जीव देतात. ते संपले की एका जिवासाठी अर्धा तास थांबा, नाही तर सोयऱ्याधायऱ्यांकडे मागा, नाही तर पैसे मोजा. म्हणजे अडचण निर्माण करणाराही तोच आणि अडचणीवरचा उतारा विकणाराही तोच. आमच्या पाखराने असले काही केले नाही. त्याच्या पडद्यावर जाहिरातीची एक पट्टी असे, तेवढीच त्याची कमाई. त्याने कुणाला जीव विकला नाही, फट रुंद करून दिली नाही. श्रीमंताचे पाखरू आणि गरिबाचे पाखरू त्याच पाइपाला आपटले. वाङ्मयाच्या भाषेत बोलायचे तर ही कृती प्रामाणिक आहे.

आणि नेमके म्हणूनच तिचे व्यसन मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. लबाड खेळाने गुंतवले तर आपण त्याला शिव्या देऊन मोकळे होतो. प्रामाणिक खेळाने गुंतवले तर काय म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर मला दोन ठिकाणी मिळाले. पहिले माझ्या शाळेत.

माझे शिक्षण दहावीपर्यंतच झाले. एका लहान खासगी शाळेत मी खालच्या वर्गांना शिकवतो. आमच्या वर्गातली निम्मी मुले यंत्रमागावर काम करणाऱ्यांची. यांतला एक चौथीतला मुलगा. नाव सांगत नाही. वाचायला उठवले की त्याचे ओठ हलत, आवाज निघत नसे. दोन अक्षरे जुळवून तो तिसऱ्याशी अडखळला की मागच्या बाकावर कुणी तरी खुसकन हसे, आणि हा पुस्तक मिटून खाली बसे. दुसऱ्यांदा प्रयत्न म्हणून करीत नसे. “जिद्द नाही या मुलात,” असा शेरा मी त्याच्या वडिलांजवळ मारला होता, त्याच्या देखत.

एका संध्याकाळी शाळेच्या पायरीवर तो वडिलांची वाट पाहत बसला होता. हातात घरचा फोन, फोनात तेच पाखरू. मी मागे उभा राहून पाहत होतो. पाखरू पडले, त्याने बोट लावले. पुन्हा पडले, पुन्हा बोट. वीस, पंचवीस, तीस वेळा. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. मी ज्याला जिद्द नाही म्हटले होते, तो माझ्यासमोर न थकता हरत होता. मी विचारले, “किती वेळा मेलास रे?”

तो दचकला. मग माझ्या आवाजात रागावणे नाही असे पाहून म्हणाला, “मोजत नाय सर. सगळ्यात जास्त झाले तेवढेच तो दाखवतो.”

“किती झाले सगळ्यांत जास्त?”

“एकशे बारा.”

माझे तेवीस. मी काही बोललो नाही.

घरी येताना मात्र त्याचे वाक्य माझ्याबरोबर आले. खरेच की! तो खेळ पडद्यावर दोनच आकडे दाखवतो: आत्ताचा आणि आजवरचा सर्वांत चांगला. हजार वेळा पडलात त्याची नोंद तेथे नाही. कुणी हसत नाही, कुणी शेरा मारीत नाही, कुणी वडिलांना सांगत नाही. आम्ही मास्तर माणसे बरोबर उलटे करतो. मुलाने कधी काळी चांगले वाचले असेल तर ते विसरतो आणि प्रत्येक चूक तांबड्या शाईने वहीत कायमची करून ठेवतो. त्या मुलाला अवघडाची भीती नव्हती. चौघांत पडण्याची होती. ज्या ठिकाणी पडायची लाज नाही, तेथे तो आपण होऊन अवघडाशी झुंजायला जात होता. फोन त्याला आमच्यापासून ओढून नेत होता असे मी समजत होतो. खरे पाहता आम्ही त्याला फोनाकडे ढकलत होतो. आणि माझे तरी वेगळे काय? कादंबरीचे चौथे प्रकरण जमत नव्हते. ते फसले तर चारचौघांत फसणार. पाखरू पडले तर रात्री साडेबारा वाजता कुणाला कळणार?

दुसरे उत्तर आईने दिले. आईचे वय आता ऐंशीच्या घरात. सागरगोट्यांत तिला उभ्या आळीत जोड नव्हती, असे ती अजून सांगते. मी काय करतो ते एकदा तिने शेजारी बसून मन लावून पाहिले. पाखरू दहा-बारा वेळा पडल्यावर तिने विचारले, “पडल्यावर डाव दुसऱ्याकडे जातच नाही का रे?”

मी खेळांवर पुष्कळ वाचले. पण हा प्रश्न मला कुठे भेटला नव्हता. सागरगोटा हातून निसटला की डाव समोरच्या मुलीकडे जातो. विटी झेलली गेली की दांडू दुसऱ्याच्या हाती. गोटी चुकली की मागे सरायचे. आमचे जुने खेळही सोपे आणि छळवादी होते. पण त्यांत हरणाऱ्याला दम खायला मिळे. तेवढ्या वेळात तो दुसऱ्याचा हात पाही, हसे, भांडे, आईची हाक ऐके. थांबा म्हणून सांगायला तेथे दुसरे माणूस होते. फोनातल्या खेळाने ते दुसरे माणूसच काढून टाकले. डाव सतत माझ्याकडेच. लाज गेली हे खरे. पण लाजेबरोबर सोबतीही गेला, आणि सोबत्याबरोबर डावाचा शेवट गेला.

आता कर्त्याकडे वळू. खेळ शिखरावर असताना जाहिरातींतून दिवसाला पन्नास हजार डॉलर मिळतात, असे त्याने एका मुलाखतीत सांगितले होते. त्या वेळच्या भावाने सुमारे तीस लाख रुपये. पण त्याच वेळी त्याच्याकडे तक्रारींचा पाऊस पडत होता. कुणाच्या शाळेत मुलांनी फोन आपटून फोडले होते. एका आईने मुलांशी बोलणे सोडल्याचे कुणी कळवले होते. तो स्वतः शाळेत असताना एका खेळापायी परीक्षांत मार खाल्लेला. त्यामुळे हे त्याच्या मनाला लागले. निवांत वेळी दोन-चार मिनिटे खेळावा म्हणून आपण हा खेळ केला, पण त्याचे व्यसन झाले, असे त्याने बोलून दाखवले. ८ फेब्रुवारी २०१४ रोजी त्याने जाहीर केले, की बावीस तासांनी खेळ काढून घेतो. आणि काढून घेतला. ज्या फोनांत तो आधीच होता, ते फोन लोकांनी अव्वाच्या सव्वा किमती सांगून विकायला काढले. पुढे २०२४ साली भलत्याच लोकांनी त्या नावाने खेळ परत आणण्याची घोषणा केली, तेव्हा आपला त्याच्याशी संबंध नाही आणि आपण काही विकलेले नाही, एवढेच सांगून तो पुन्हा गप्प बसला.

ज्या कृतीला शेवट नव्हता, तिला तिच्या कर्त्याने स्वतः शेवट दिला. मला ही त्या कृतीची सर्वांत चांगली जागा वाटते. आम्हा लेखकांना कुठे थांबावे ते कळत नाही; तीस लाख दिवसाला मिळत असते, तर मुळीच कळले नसते.

या मुलाखती वाचताना एका तपशिलावर मी अडलो. हा मुलगा वाढला ते गाव वान फुक, हनोईच्या शेजारचे; आणि ते प्रसिद्ध आहे रेशीम विणण्यासाठी. म्हणजे त्याच्याही कानांवर लहानपणापासून मागाचा आवाज असणार! तो आवाज नारपोलीच्या माणसाला सांगावा लागत नाही. पूर्वीइतके माग आता येथे उरलेले नाहीत. कित्येक कारखान्यांची गोदामे झाली. तरी माझ्या खिडकीखाली रात्री खटखट चालूच असते. त्या आवाजाची सवय अशी, की तो थांबला तर जाग येते. बाण्याचा धागा तुटला किंवा कांडी संपली की माग थांबतो. कारागीर धोट्यात नवी कांडी घालतो, तार जुळवतो, दांडा ओढतो. माग पुन्हा सुरू. एका रात्रीत हे किती वेळा होत असेल, याची तोही मोजदाद ठेवीत नाही. पाखरापुढे बसलेल्या मुलाचे आणि मागापुढे उभ्या बापाचे काम वरवर पाहता एकच: तुटले की जोडायचे, लगेच, न चिडता. पण सकाळी मागावर तागा भरलेला असतो. तार जेथे तुटली तेथून कापड पुढे गेलेले असते. पाखरू पडले की सगळे शून्यावर येते. एकशे बारा पाइप ओलांडलेल्या मुलाच्या हाती वीतभरही कापड लागत नाही. हरण्याला काही किंमत नाही, म्हणून जिंकण्यालाही नाही.

हा माझा या कृतीवरचा अभिप्राय आहे. रचना निर्दोष, न्याय चोख, लय खरी. फक्त तिच्यातून कापड निघत नाही. त्याचा दोष मी तिला देणार नाही, कारण तिने तसे वचनच दिले नव्हते. दोन-चार मिनिटांची ती गंमत होती. तिच्याकडून आपण रात्री मागितल्या.

टीका करून थांबलो तर मास्तर कसला? म्हणून खेळातल्या दोन गोष्टी उचलून मी वर्गात नेल्या, एक पाखराची आणि एक आईची. रोज दहा मिनिटे धडा वाचायचा. वाचता वाचता जो अडखळेल, त्याने हसतमुखाने पुस्तक पुढच्याला द्यायचे. पुन्हा पाळी येईलच. अडखळल्याची नोंद नाही. न अडखळता सर्वांत जास्त किती शब्द वाचले, तेवढाच आकडा फळ्याच्या कोपऱ्यात नावापुढे लिहायचा, आणि तो वाढला तरच पुसायचा. मीही खेळतो. मोडीतली जुनी पत्रे मला धड लागत नाहीत. मुलांसमोर ती वाचताना मी दर तिसऱ्या शब्दाला पडतो, आणि मुले अगदी खुशीत हसतात. गुरुजी पडतात हे पाहिल्यापासून एकमेकांना हसणे पुष्कळ कमी झाले.

त्या मुलाचा आकडा पहिल्या दिवशी चार होता. हे लिहीत असताना तो एकतीस आहे. एकतीस शब्द म्हणजे काही फार नव्हेत. चौथीच्या मुलाने पानच्या पान वाचावे. परवा मात्र त्याने पाळी संपल्यावर शेजाऱ्याच्या पुस्तकात डोके घालून पुढचे वाचायचा प्रयत्न चालवला होता. मी पाहिले न पाहिलेसे केले. त्याच्या वडिलांची गाठ घेऊन तो जुना शेरा मात्र परत घेतला. ते म्हणाले, “गुरुजी, तो फोनवर काय करतो ते जरा मलापण शिकवा, मला विचारतो, आणि मला येत नाही.”

यंदाच्या दिवाळीत चार दिवस माग बंद राहतील आणि नारपोलीत शांतता असेल. बहिणीकडची मंडळी येणार आहेत; जो तो आपापला फोन घेऊन एकेक कोपरा धरील, हे मला ठाऊक आहे. फोन काढून घेण्याचा माझा विचार नाही. पाडव्याला सतरंजीवर सगळ्यांनी गोल बसायचे, मध्ये चकल्यांचे ताट, आणि फोन एकच ठेवायचा. पाखरू पडले की फोन शेजाऱ्याकडे. आईनेही खेळायचे कबूल केले आहे. तिची अट एवढीच, की फोनानंतर सागरगोट्यांचा एक डाव झाला पाहिजे. भाचा आता मोठा झाला, नोकरीला लागला. २०१४ साली त्याच्या हातून घेतलेला फोन मी रागाने परत केला होता, ते त्याला आठवत असेल की नाही कोण जाणे. या वेळी माझे पाखरू पडले की मी निमूटपणे फोन त्याच्या हाती देणार आहे.

अकराव्या पानावरची खूण काल मी एकोणचाळिसाव्या पानावर नेली. कादंबरी चांगली आहे. तिच्यावरचा लेख पुढच्या अंकाला देईन, असे संपादकांना कळवले आहे.